कोल्हापुरात घर: फुटाच्या दरापलीकडचा हिशेब

कोल्हापुरात घर घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘फुटाला काय दर चाललाय?’ कट्ट्यावर, लग्नात, ऑफिसात, जिथं विचाराल तिथं उत्तर मिळतं आणि प्रत्येक ठिकाणी ते वेगळं असतं. दर माहीत असावा, यात शंका नाही. पण पगारावर चालणाऱ्या माणसाचं घर दरावर उभं राहत नाही, ते महिन्याच्या हिशेबावर उभं राहतं. म्हणून इथं सगळा खर्च महिन्यात मांडून बघू. त्यासाठी एक आकडा पाठ करून ठेवा. साडेआठ टक्के व्याजानं 20 वर्षांसाठी एक लाख रुपये कर्ज घेतलं, तर महिन्याचा हप्ता येतो 868 रुपये. व्याज नऊ टक्के झालं, तर 900. हा आकडा नुसता बँकेत कामाला येतो असं नाही. कुठं राहायचं हे ठरवतानाही तोच उपयोगी पडतो, ते पुढं येईलच.

आधी साइट ऑफिसमधलं टेबल. तिथला मुलगा ब्रोशरच्या मागच्या बाजूला पेननं लिहून देतो: 1,000 फूट, दर 4,000, किंमत 40 लाख. खाली एक ओळ, ‘एमएसईबी, लीगल, सोसायटी’, आणि तिच्यापुढं एकच गोळाबेरीज रक्कम. (हे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, तुमच्या भागातला दर वेगळा असेल.) या कागदावर दोन गोष्टी विचारायच्या. पहिली, हे 1,000 फूट कुठले? रेरा कायदा लागू झाल्यापासून विक्री कार्पेट क्षेत्रावर करायची असते, तरी बोलण्यात अजून ‘बिल्टअप’ आणि ‘सेलेबल’ चालतं. करारात कार्पेट 690 फूट निघालं, तर खरा दर 5,800 च्या घरात जातो. शेजारच्या स्कीमचा दर पाच हजार सांगितला म्हणून ती महाग वाटत असेल आणि तो दर कार्पेटवरचा असेल, तर ती स्वस्त आहे. कार्पेट विचारल्याशिवाय दोन स्कीमची तुलना करूच नका.

दुसरी गोष्ट, ती गोळाबेरीज फोडून मागा. वीज मीटरचे किती, कागदपत्रांचे किती, आगाऊ मेंटेनन्स किती महिन्यांचा. उघड्या पार्किंगचे वेगळे पैसे लावले असतील, तर तिथंच थांबवा. उघडी जागा सगळ्यांच्या सामाईक मालकीची असते, बिल्डरला ती विकता येत नाही. आणि नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम कोणी मागत असेल, तर तो कायदा मोडतोय. ‘आज बुकिंग करा, दर सोमवारी वाढणार आहे’ हे वाक्य ऐकून घाईनं चेक फाडू नका. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की मंजूर नकाशा, पूर्णत्वाची तारीख, जागेवरचं कर्ज हे सगळं दिसतं. एक संध्याकाळ त्याला द्या.

आता 40 लाखांवर काय काय चढतं ते बघा. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 5 टक्के आणि वर 1 टक्का स्थानिक अधिभार, म्हणजे 2 लाख 40 हजार. ते करारातली किंमत आणि सरकारी वार्षिक मूल्यदर, म्हणजे आपण ज्याला रेडीरेकनर म्हणतो तो, यांत जी रक्कम मोठी असेल तिच्यावर लागतं. नोंदणी फी 1 टक्का, पण जास्तीत जास्त 30 हजार. बांधकाम चालू असेल तर जीएसटी. इथं लहान शहराला एक खरा फायदा आहे. 45 लाखांपर्यंतचं आणि महानगरांबाहेर 90 चौरस मीटर कार्पेटपर्यंतचं घर परवडणाऱ्या घरांत मोडतं आणि त्याला 1 टक्काच जीएसटी आहे. त्यावर गेलात की 5 टक्के. म्हणजे आपल्या उदाहरणात 40 हजार. 46 लाखांचा फ्लॅट घेत असाल तर हाच कर 2 लाख 30 हजार होतो, हे घासाघीस करताना लक्षात ठेवा. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार फ्लॅटला जीएसटी नाही. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल, तर 1 टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते.

बँक 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत देऊ शकते, त्यावर 75 लाखांपर्यंत 80 टक्के. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च साधारणपणे या किमतीत धरत नाहीत. 40 लाखांवर 32 लाख कर्ज मिळालं, तर घरातले 8 लाख, वर मुद्रांक, नोंदणी आणि जीएसटीचे 3 लाख 10 हजार. शिवाय गहाणखताचं शुल्क कर्जाच्या 0.3 टक्क्यांच्या आसपास, बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, मीटर, आगाऊ मेंटेनन्स. पंखे, ट्यूबलाइट आणि स्वयंपाकघराची ट्रॉली धरण्याआधीच 12 लाख हातात लागतात. ‘20 टक्के आपले’ एवढंच धरून निघालेली माणसं इथं अडकतात आणि मग दागिने गहाण पडतात. गल्लीतल्या भिशीवर भरवसा ठेवून कराराची तारीख घेऊ नका. भिशी चांगली चाललेली असते तोवर चांगली, पण तुमचा नंबर पुढं ढकलला गेला तर बिल्डर थांबत नाही. नातेवाइकांकडून हातउसने घेत असाल तर खात्यावर घ्या आणि साधा कागद करा. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख देणंघेणं कायद्यानं बंद आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो.

जुना फ्लॅट घेताना ‘थोडे रोखीत द्या, मुद्रांक वाचेल’ असं हमखास सुचवलं जातं. यात घेणाऱ्याचा तोटाच आहे. कराराची किंमत कमी दाखवली की कर्ज कमी बसतं, रोख दिलेल्या रकमेची पावती कुठंच राहत नाही आणि पुढं घर विकताना तुमचा नफा कागदावर फुगतो, त्यावर कर तुम्ही भरता. सवलत हवीच असेल तर सरळ मार्ग आहे. फक्त बाईच्या नावावर घर घेतलं, तर महाराष्ट्रात मुद्रांकात 1 टक्का सूट मिळते. आपल्या उदाहरणात ते 40 हजार झाले. खरेदीदार सगळ्या बायकाच हव्यात, नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. पूर्वी असं घर 15 वर्षं पुरुषाला विकता येत नव्हतं, ती अट 2023 मध्ये निघाली. आयकराची जुनी पद्धत वापरत असाल तर एक बघून घ्या: नवरा मालक नसेल, तर तो हप्ते भरत असला तरी व्याजाची वजावट त्याला मिळत नाही. माझं मत विचाराल तर घर बायकोच्या नावावर असण्याची किंमत 40 हजारांत मोजण्यासारखी नाही, पण सूट आहे ती सोडू नये.

हप्ता किती पेलतो? हातात येणाऱ्या पगाराच्या 40 टक्क्यांवर जाऊ नये. 32 लाखांचा हप्ता 27,776 रुपये येतो, म्हणजे घरात महिन्याला 70 हजार यायला हवेत. आपल्याकडं अनेक घरांत दोघांचं मिळून 45 हजार येतात. त्यांना 18 हजारांचा हप्ता पेलतो, त्यात पावणेएकवीस लाख कर्ज बसतं आणि घर 23 ते 26 लाखांचं. एवढ्यात शहरात नवा दोन बेडरूमचा फ्लॅट मिळणं अवघड आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. या घरांनी प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी दुसरा टप्पा बघावा. 1 सप्टेंबर 2024 पासून लागू असलेल्या या टप्प्यात वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत आणि कर्ज 25 लाखांपर्यंत असेल, तर पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के व्याज सवलत आहे. ती जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार होते आणि पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यावर जमा होते. अट अशी की कुटुंबाच्या नावावर देशात कुठंही पक्कं घर नसावं. गावाकडच्या घराच्या उताऱ्यावर तुमचं नाव लागलंय का, ते अर्जाआधी तपासा. म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीत कोल्हापूर आणि सांगलीतलीही घरं असतात. पुण्याचं नाव वाचून जाहिरात उलटू नका.

नोकरी पाच-सात वर्षांत बदलेल असं वाटत असेल, तर भाड्यानं राहणं हा शहाणपणाचा निर्णय आहे, त्यात कमीपणा काही नाही. तोच 40 लाखांचा फ्लॅट 12 हजार भाड्यानं मिळत असेल आणि तुमचे 12 लाख साडेसहा टक्क्यांनी ठेवीत असतील, तर महिन्याला साडेसहा हजार व्याज येतं. खिशातून खरे जातात साडेपाच हजार. उलट 32 लाखांच्या कर्जात पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले साडेबावीस हजारांहून जास्त निव्वळ व्याजाचे असतात. भाड्यानं राहून उरलेली रक्कम खरोखर बाजूला पडत असेल, तरच हा हिशेब तुमच्या बाजूनं आहे. ती खर्चात विरघळत असेल, तर हप्त्याची सक्तीच बरी.

भाड्याचा करार मात्र तोंडी नको आणि नुसता नोटरी केलेलाही नको. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो आणि तो नोंदवायची जबाबदारी कायद्यानं मालकावर आहे. खर्च किती? 9 हजार भाडं, 30 हजार डिपॉझिट, 11 महिने असा करार धरा. एकूण भाडं 99 हजार, डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज 2,750, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक, म्हणजे अडीचशे-तीनशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. वर थोडं हाताळणी शुल्क आणि घरी येऊन अंगठा घेणाऱ्या एजंटची फी. एवढ्यासाठी लोक वर्षानुवर्षं बिनकागदाचं राहतात आणि डिपॉझिट बुडतं. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरलं जातं, हे मालकांनीही ध्यानात घ्यावं. भाड्यावरून खटका उडाला म्हणून पाणी किंवा वीज तोडायचा अधिकार मालकाला नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांचे वकील-पक्षकार इथं येऊ लागले. भाड्याची जागा शोधणाऱ्यांत ही मंडळी वाढली. त्यात जुनं दुखणं आहेच: आडनाव विचारून, धर्म विचारून, ‘मटण करता का’ विचारून घर नाकारणं. तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या या गावात एकट्या नोकरदार मुलीला किंवा मुसलमान कुटुंबाला चार-चार महिने खोली मिळत नाही, ही लाज वाटावी अशी गोष्ट आहे. अशा माणसाला मग नाइलाजानं लांबची, महाग किंवा पडकी जागा घ्यावी लागते. घर परवडण्याच्या चर्चेत हा खर्च कुणी धरत नाही. तो धरला पाहिजे.

आता 868 चा खरा उपयोग. पाचगाव, मोरेवाडी, कळंब्याच्या पुढं किंवा उचगावकडं दर कमी म्हणून लोक वळतात. कोल्हापूरची नगरपालिका 1972 मध्ये महापालिका झाली, पण हद्दवाढीचा वाद अजून मिटलेला नाही. भोवतालची 42 गावं 2017 पासून नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणात आहेत. त्यामुळं रस्त्याच्या एका बाजूला महापालिकेचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला ग्रामपंचायतीचं, असंही दिसतं. समजा लांबचा फ्लॅट 5 लाखांनी स्वस्त आहे. दोघं नोकरीला, प्रत्येकाचं रोजचं 12 किलोमीटर जास्त. महिन्याचे 26 दिवस, गाडीला 45 चं ॲव्हरेज, पेट्रोल 105 रुपये धरलं तर एकाचे 730, दोघांचे साधारण 1,460. मुलाच्या शाळेच्या रिक्षाचे जास्तीचे 1,200 धरा. उन्हाळ्यात टँकर आणि पाण्याचे जार, वर्षभरात वाटून महिन्याला 500. झाले 3,160. याला 868 नं भागा, 3 लाख 64 हजारांचं कर्ज झालं. म्हणजे वाचलेल्या पाचातले साडेतीन लाखांहून जास्त रस्त्यावरच गेले. त्यात आई किंवा सासूबाई चालत येण्याच्या अंतरावर असतील आणि त्यामुळं पाळणाघराचे 3 हजार वाचत असतील, तर आणखी साडेतीन लाख. 5 लाखांनी महाग असलेलं पेठेतलं घर इथं स्वस्त ठरतं.

आणि पेठेत जे फुकट मिळतं त्याला दर लावणं अवघड आहे. गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस उभी करून समोर धार काढून दूध देतात, कपिलतीर्थ मंडई पायी होते, रात्री अकराला पोराला ताप आला तर तालमीतला कुणी ना कुणी गाडी काढतो. मंडळाची वर्गणी वर्षाला पाचशे-हजार जाते खरी. ती ऐच्छिक असते आणि जमत नसेल तर तसं सांगावं. पण शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दिवसभरात चार माणसं हाक मारतात. नव्या स्कीममध्ये क्लब हाउस असतं, ओळख व्हायला काही वर्षं जातात. वयस्क आईवडील सोबत येणार असतील, तर त्यांना तो फ्लॅट संध्याकाळी सहा वाजता दाखवा आणि खाली बसायला कोण आहे ते त्यांनाच बघू द्या.

हेही खरं की नोकरी गोकुळ शिरगावला किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीत असेल, तर उजळाईवाडी-उचगावची बाजूच सोयीची आणि वरचा हिशेब उलटा होतो. पेठेतल्या इमारती जुन्या आहेत, लिफ्ट नाही, चारचाकी लावायला जागा नाही. आपला रस्ता, आपली शाळा, आपली माणसं घालून हिशेब स्वतः करा.

पूररेषा हा वेगळा विषय आहे आणि त्यात तडजोड नको. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. सुतारवाडा, दुधाळी, बापट कॅम्प, शाहूपुरीची कुंभार गल्ली ही नावं दर पुरात येतात. ‘2005 आणि 2019 ला इथं पाणी कुठवर होतं?’ हे बिल्डरला विचारू नका, समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा; तो भिंतीवर हात लावून दाखवतो. मग निळी आणि लाल पूररेषा दाखवणारा नकाशा महापालिकेच्या नगररचना विभागात बघा. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असला तरी मीटर, पाण्याची मोटर आणि गाडी खालीच असते.

प्लॉट घेणाऱ्यांसाठी एकच सांगणं. 500 रुपयांच्या स्टँपवर नोटरी केलेला गुंठा मालकी देत नाही. बिगरशेती आदेश, मंजूर लेआउट किंवा गुंठेवारी नियमित झाल्याचा दाखला, आणि तुमच्या नावानं होणारं नोंदणीकृत खरेदीखत, यातलं काही नसेल तर बँक कर्ज देत नाही. बँक जिथं पैसे घालत नाही, तिथं तुमची पुंजी घालू नका.

जुन्या फ्लॅटला मुद्रांक-नोंदणीशिवाय एजंटची एक-दोन टक्के दलाली धरा. सोसायटी असेल तर हस्तांतरणाचा प्रीमियम महापालिका हद्दीत 25 हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. ‘बिल्डिंग फंड’, ‘डोनेशन’ अशा नावांनी वर मागितले तर पावतीवर तसं लिहून मागा, मागणी बहुधा मागं घेतली जाते. कोल्हापुरात बऱ्याच इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट कायद्याखाली आहेत. सोसायटीत सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं असतं, अपार्टमेंटमध्ये सामाईक खर्च अविभक्त हिश्श्याप्रमाणे, त्यामुळं मोठ्या फ्लॅटला जास्त. डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये आपला टक्का बघा. 15 वर्षांवरच्या इमारतीला दर पाच वर्षांनी आणि 30 वर्षांवरच्या इमारतीला दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं, त्याची प्रत मागा. घरफाळा, पाणीपट्टी आणि महावितरणचं बिल थकीत नसल्याच्या पावत्या हातात आल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नका.

व्यवहार बिघडलाच तर भांडायचा खर्च लोक समजतात तेवढा नाही. महारेराकडं तक्रारीची फी 5 हजार रुपये. जिल्हा ग्राहक आयोगात, तुम्ही दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. 5 ते 10 लाखांना 200 रुपये, 10 ते 20 लाखांना 400, आणि 20 ते 50 लाखांना 1,000. आयोगात वकील सक्तीचा नाही, स्वतः उभं राहता येतं. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो. त्यासाठी गळकी भिंत ज्या पावसात दिसली त्याच पावसात तारखेसह फोटो काढा, लेखी पत्र रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि पोस्टाची पावती कराराच्या फाइलीत लावून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.